हिरव्या घोडीची फेरतपासणी

ही गोष्ट २०४१ सालची. त्या वर्षी दत्तजयंतीला आमोदखेड्याच्या यात्रेत घोड्यांपेक्षा नरपत गिरासेचे फोटोच जास्त होते.

तापीच्या पुलापासून थेट मैदानापर्यंत विजेच्या एकूण एक खांबावर फ्लेक्स लटकत होता. फेटा बांधलेला नरपत, जोडलेले हात, मागे उधळलेली पांढरी घोडी आणि खाली हातभर अक्षरं : ‘दोन दिवसांत न्याय! अश्वपालकांचे कैवारी नानासाहेब गिरासे यांचे हार्दिक अभिनंदन!’ हेमलताताईंनी रिक्षातून मान बाहेर काढून ते वाचलं आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली. कौतुक धाकट्या भावाचं होतं, पण त्यातल्या ‘दोन दिवसांत’ या शब्दांनी त्यांना घोर लावला.

ताईंचं वय अडुसष्ट. पशुवैद्यक महाविद्यालयात उभा जन्म सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून जनावरांच्या पेशी मोजण्यात गेला. लग्न केलं नाही. माहेर मात्र सुटलं नाही, आणि माहेर म्हणजे ही यात्रा. लहानपणी वडिलांचं बोट धरून त्या इथे यायच्या, तेव्हा घोडा पारखायचा म्हणजे दात बघायचे, खूर ठोकायचे, अंगावरचे भोवरे तपासायचे. सौदा रुमालाखाली व्हायचा. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायचे. तोंडातून अक्षर नाही, आकडा बोटांतच ठरायचा. जिलेबीच्या घाण्याचा वास, घोड्यांच्या अंगाचा वास आणि तापीवरून येणारी गार हवा. वडील म्हणायचे, रुमालाखाली दिलेला शब्द म्हणजे दत्तापुढे दिलेला शब्द. रुमाल अजून होता. पण आता रुमाल टाकण्याआधी घोड्याचं फुप्फुस धुवावं लागत होतं.

झालं होतं असं. २०३८ साली घोड्यांत नव्या फ्लूची साथ आली आणि हजारो जनावरं गेली. विषाणू मोठा लबाड. नाकात जेमतेम एक दिवस सापडायचा, मग गडप. मागे राहायचा तो फुप्फुसातला दाह, आणि वरून धडधाकट दिसणारा तो घोडा बाकीच्यांना रोग वाटत हिंडायचा. तेव्हा विषाणूच्या मागे न लागता दाहच पकडायचा असं ठरलं. श्वासदर्शी नावाचं यंत्र आलं. घोड्याला थोडी गुंगी द्यायची, नाकपुडीतून लांब मऊ नळी फुप्फुसात उतरवायची, मिठाचं कोमट पाणी आत सोडायचं आणि लगेच परत ओढून घ्यायचं. पाण्याबरोबर फुप्फुसातल्या पेशी येतात, त्या यंत्र मोजतं. निरोगी घोड्यात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी शंभरात चार-पाच असतात. कुठे काही बिघडलं की शरीर त्यांना धावत पाठवतं, मग त्या वीस होतात, चाळीस होतात. कमी असल्या तर हिरवा दिवा, जास्त असल्या तर लाल.

यात्रेतले लोक या प्रकाराला ‘धुणं’ म्हणू लागले. लाल निघालेला घोडा तारेच्या कुंपणाआड, लाल वाडग्यात. मग फेरतपासणी. दुसऱ्यांदाही लाल निघाला तर सुई. त्या सुईनंतर घोडा उठत नसे.

ही फेरतपासणी पूर्वी दहा दिवसांनी व्हायची, तोवर यात्रा उठून जायची. घोडेवाले चिडले. नरपतनं मोर्चा काढला, मुंबईत सरकारच्या दारापुढे घोड्या नाचवल्या, आणि दहाचे दोन करून आणले. मालकाची इच्छा असेल तर दोन दिवसांनी फेरतपासणी, नसेल तर जुने दहा. पण दोन मिळत असताना दहा कोण मागणार?

ताई पिशवी घरात टाकून तडक लाल वाडग्याकडे गेल्या. तारेपलीकडे युसूफ पिंजारी बसला होता, घुंगरांच्या पट्ट्याला तेल लावत. युसूफ म्हणजे या भागातला नावाजलेला चाबूकस्वार. घोड्यांना नाच शिकवावा तर त्यानंच. लहानपणी तो, नरपत आणि ताई एकाच घोड्यावर बसून पडलेले.

“सलाम ताई! पेन्शन खाऊन बारीक झालात की!”

“तू मात्र सुटलास. शबनम आत कशी?”

“लाल दिवा लागला आज सकाळी. जुन्या कडब्याच्या गंजीशेजारी बांधली होती, धूळ गेली असेल छातीत.” त्यानं मागे उभ्या असलेल्या तांबूस घोडीच्या मानेवर थाप मारली. “काळजी नाही. परवा फेरतपासणी. नाना म्हणाला, युसूफ, लाईनीत पहिला तू उभा राहा, म्हणजे लोकांना धीर येईल.”

“परवा उभी करू नकोस. दहा दिवस थांब.”

“आणि नाचाची स्पर्धा? ती काय घरी करू, बायकोपुढे?”

“युसूफ, ऐक. मिठाचं पाणी डोळ्यात मारलं तर डोळा लाल होतो की नाही?”

“होतो.”

“मग तुझा लाल डोळा बघून कुणी म्हणालं, याला डोळे आले, बाहेर काढा, तर? आज तिच्या फुप्फुसात पाणी मारलंय. परक्या पाण्यानं आतून लाली येते. शरीर पांढऱ्या पेशी पाठवतं, त्या दोन-तीन दिवस मुक्काम ठोकतात, आठवड्याभरात निवतात. परवा यंत्राला दिसेल ते आजचं धुणंच.”

युसूफचा हात पट्ट्यावर थांबला. “हे सरकारला माहीत नाही?”

“नाही.”

“नानाला?”

ताईंनी खांबावरच्या फ्लेक्सकडे पाहिलं.

“मग झालं तर,” युसूफ हसला. “नाना माझ्यासाठी भांडला ताई. मला मारायला भांडेल होय?”

तपासणी पथकाचे अधिकारी डॉ. कौस्तुभ नवरे तंबूत चहा पीत होते. मुलगा सज्जन. ताईंना बघून उठून उभा राहिला, खुर्ची दिली, चहा सांगितला. पण ऐकलं एक अक्षर नाही.

“मॅडम, यंत्राची चाचणी देशभर झालेली आहे.”

“यंत्राशी माझं भांडणच नाही. ते पेशी बरोबर मोजतं. त्या पेशी कुणी बोलावल्या ते त्याला कळत नाही. आम्ही विद्यार्थी असताना सरांनी एकच घोडा आमच्याकडून दोनदा धुवून घेतला होता. दुसऱ्या वेळी पेशी इतक्या, की आम्हाला वाटलं काचपट्टी बदलली.”

“पण फेरतपासणीत दहातले नऊ घोडे पुन्हा लालच निघतात. म्हणजे बघा, पहिली तपासणी किती अचूक आहे!”

ताईंनी कपाळाला हात लावला. “अहो, नऊ निघणारच! हिरव्या निघालेल्या घोड्याची कधी दोन दिवसांनी फेरतपासणी केलीत?”

“हिरव्याची कशाला करू?”

“करून बघा. एक तरी.”

नवरे विचारात पडला. “मालक आपणहून घेऊन आला तर करीन. पण मॅडम, तो लाल निघाला तर मी लालच धरणार. तेवढंच माझ्या हातात आहे.”

दुसऱ्या दिवशी ताई मैदानभर एक हिरवा घोडा मागत फिरल्या. कुणी हसलं, कुणी पाया पडून वाटेला लावलं. “आजी, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?” एकानं तोंडावर विचारलं. एक जण तर म्हणाला, “माझी सासू घेऊन जा, तिचं फुप्फुस धुवा. दिवा कुठलाही लागो, परत नका आणू.” ताईंना त्यातल्या त्यात त्याच्या बोलण्याचं हसू आलं. बाकी दिवस नुसता वणवण करण्यात गेला. घसा बसला, पाय सुजले आणि हाती काही लागलं नाही.

उरला घरचा दरवाजा. नरपतची चांदणी, शुभ्र पांढरी, पहिल्याच दिवशी हिरवी निघालेली. अकलूजकडचे माने नावाचे बागायतदार, त्यांच्याशी रुमालाखाली सौदाही झालेला. यात्रा संपली की घोडी त्यांच्या गाडीत चढायची.

नरपत सत्काराला निघायच्या घाईत फेटा सारखा करत होता. त्याची बायको वसुधा त्याच्या उपरण्याला इस्त्री करत होती.

“ताई, तू पुन्हा तेच सुरू करणार असलीस तर आल्यावर बोलू.”

“आल्यावर उशीर होईल. उद्या युसूफची घोडी लाईनीत आहे. मला चांदणी दे.”

“कशाला?”

“तिची फेरतपासणी करायला.”

फेटा सुटून नरपतच्या खांद्यावर पडला. “ती हिरवी आहे!”

“म्हणूनच.”

“आणि लाल निघाली तर?”

“निघणारच. तेच तर दाखवायचंय.”

“वा! म्हणजे मी माझी सोन्यासारखी घोडी लाल करून घेऊ, मान्यांना दिलेला शब्द मोडू, आणि जगाला सांगू की माझ्या मोर्चानं घोडे मारले? मोर्चात उन्हातान्हात मी चाललो ताई. तू तेव्हा पुण्यात पंख्याखाली होतीस.”

“एक फोन केला असतास तर पंखा बंद करून आले असते. कुणाला विचारलंस तरी का, दोन दिवस पुरतात का म्हणून?”

“लोकांना विचारलं! लोक म्हणाले दोन!”

“फुप्फुसाला विचारायचं होतं, नरपत. ते मोर्चाला येत नाही.”

नरपतचा चेहरा उतरला. क्षणभर ताईंना वाटलं, कळलं याला. पण बाहेर जीप थांबली, कुणीतरी “नानासाहेब!” म्हणून हाक मारली, आणि त्यानं फेटा उचलला.

“युसूफची घोडी आजारीच आहे. खोकताना मी ऐकलीय,” तो दाराशी म्हणाला. “उगाच माझ्या डोक्यावर पाप ठेवू नकोस.”

वसुधानं इस्त्रीचं बटण बंद केलं. चौतीस वर्षांच्या संसारात ती नवऱ्यापुढे मोठ्यानं बोललेली ताईंनी ऐकली नव्हती. आताही तिनं मागे राहिलेल्या उपरण्याची नुसती घडी घातली.

सकाळी लाईन लागली. सगळ्यात पुढे शबनम. युसूफनं तिच्या पायातले घुंगरू काढून स्वतःच्या खांद्यावर टाकले होते. नळी आत गेली, पाणी आत गेलं, बाहेर आलं, यंत्र थोडा वेळ घरघरलं आणि लाल दिवा लागला.

युसूफ दिव्याकडे बघत राहिला. मग त्यानं ताईंकडे पाहिलं. ताईंना ती नजर सोसवेना. त्या नवरेच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या. “सुई नाही द्यायची. मी देऊ देणार नाही.”

“मॅडम, बाजूला व्हा. दुसरा लाल आहे.”

तेवढ्यात गर्दी दुभंगली. डोक्यावर पदर, पायात घरातल्या सपाता, आणि हातात चांदणीचा लगाम घेऊन वसुधा येत होती. मागून कोणीतरी ओरडलं, “वहिनी, ही तर हिरवी आहे!”

“माहीत आहे,” वसुधा म्हणाली. ती नवरेपुढे थांबली. “घोडी माझ्या नावावर आहे. माहेरहून आलेल्या घोडीची ही नात. धुवा.”

“बाई, तुम्हाला कळतंय ना...”

“ताईंनी दोन दिवस समजावलं, ते भिंतीला कळलं असतं. धुवा.”

नळी आत गेली. चांदणीच्या डोळ्यांवर गुंगी होती आणि वसुधाचा तळहात तिच्या कपाळावर. यंत्र घरघरलं.

लाल.

“बघा!” ताई ओरडल्या. इतका आनंद त्यांना कुठल्याही परीक्षेच्या निकालाचा झाला नव्हता. “परवा हिरवी, आज लाल! ही घोडी खोकत नाही, तापत नाही, हरभरा खातेय. काय बदललं? फक्त तुमचं धुणं! पटलं आता?”

नवरेनं यंत्राचा पडदा दोनदा पाहिला. मग म्हणाला, “म्हणजे हीसुद्धा आजारी आहे.”

“काय?”

“यात्रेत लागण झाली असेल. किंवा पहिल्या वेळी निसटली असेल. मॅडम, ही खरं तर चिंतेची गोष्ट आहे.”

पुरावा समोर चार पायांवर उभा होता, आणि त्या माणसानं तो उचलून आपल्याच पारड्यात टाकला होता. गर्दीतही कुजबुज झाली ती भलतीच : रोग पसरतोय, घोडे दूर न्या. त्यांनी टेबलावर हात आपटला. नवरेनं कुणाला तरी फोन लावला, बराच वेळ “हो सर, हो सर” केलं आणि फोन ठेवला. “चांदणीचा हा पहिला लाल. तिला फेरतपासणी मिळेल. शबनमचा दुसरा. माझा नाइलाज आहे.”

खरंच त्याचा नाइलाज होता, हीच तर चीड आणणारी गोष्ट. तो वाईट असता तर ताईंना भांडता आलं असतं.

युसूफनं सुईच्या वेळी शबनमचं डोकं छातीशी धरलं. ती कलंडली तेव्हा त्याच्या खांद्यावरचे घुंगरू एकदा वाजले, तेवढंच.

नरपत पोचला तो गळ्यात कालचा हार तसाच घेऊन. आधी चांदणीच्या गळ्यातली लाल पट्टी दिसली, आणि तो बायकोवर धावून गेला. “काय केलंस हे? कुणाला विचारून?”

“तुम्ही कुणाला विचारलं होतं?” वसुधा म्हणाली.

मग त्याला शबनम दिसली, आणि तिच्याजवळ बसलेला युसूफ. नरपत तिथेच थांबला. युसूफनं वर पाहिलं नाही. नरपतनं हार काढला, पण तो कुठे ठेवावा ते त्याला कळेना. हातातच धरून राहिला.

माने संध्याकाळी येऊन गेले. रुमालाखालचा शब्द होता म्हणून फार बोलले नाहीत, “घोडी हिरवी झाली तर कळवा,” एवढंच म्हणाले. आणि त्यानंतर अश्वपालक संघटनेचे चार-सहा लोक आले. “नाना, परवा लाईनीत पहिला नंबर तुमच्या चांदणीचा. युसूफ पुढे उभा राहिला, आता तुम्ही. लोकांचं लक्ष आहे.”

ताई आतल्या खोलीत होत्या. त्यांना भावाचा स्वभाव ठाऊक होता. लहानपणी विहिरीत उडी मारतो म्हणून बसला, की पोहता येत नसताना मारायचा, कारण म्हणून बसलेला असायचा. ‘उभी करीन,’ असं तो म्हणणार, आणि परवा दुसरी घोडी आडवी होणार. त्या दाराशी येऊन ऐकू लागल्या.

“मी चांदणीला दहा दिवस ठेवणार,” नरपतचा आवाज आला.

“म्हणजे? आम्हाला दोन आणि तुम्हाला दहा?”

“तुम्हीपण दहाच घ्या.”

“मग मोर्चा कशाला काढला?”

“चुकलं,” नरपत म्हणाला. “माझी बहीण सांगत होती. मी फेटा बांधत होतो.”

एक जण मोठ्यानं हसला. “स्वतःच्या घोडीवर आलं तेव्हा चुकलं का, नाना?”

“हो,” नरपत म्हणाला. “तेव्हाच.”

दुसऱ्या दिवसापासून तो लाल वाडग्याच्या फाटकाशी खाट टाकून बसला. फेरतपासणीला निघालेल्या प्रत्येकाला अडवून म्हणायचा, उभी करू नका, थांबा. फ्लेक्स त्याच्या डोक्यावरच लटकत होता, ‘दोन दिवसांत न्याय’, आणि लोक आधी फ्लेक्सकडे आणि मग त्याच्याकडे बघायचे. काहींनी ऐकलं. पुष्कळांनी नाही, त्यांना वाटलं, नाना पैसे खाऊन फिरला. रोज वाडग्यामागे नवा खड्डा खणला जायचा. ताई रोज नवरेला जाऊन तेच सांगायच्या, तो रोज चहा पाजायचा.

यात्रा उठली. पाळणे गेले, जिलेबीचे घाणे गेले, रिकाम्या मैदानात कागद उडत राहिले. दहाव्या दिवशी चांदणीला पुन्हा धुतलं आणि हिरवा दिवा लागला. तिच्याबरोबर थांबलेल्या सतरा घोड्यांपैकी पंधरांना हिरवा लागला. बघायला गिरासे कुटुंब आणि त्या घोड्यांचे मालक, एवढेच लोक होते. नवरे त्या हिरव्या दिव्यांकडे बघत बराच वेळ उभा राहिला. त्या दिवशी त्यानं चहा विचारला नाही.

पुढे या सगळ्यांचं काय झालं ते सांगायला हवं.

डॉ. नवरेनं त्या हिवाळ्यात सुट्टी टाकली आणि पुण्याला ताईंच्या घरी येऊन त्यांच्या जुन्या सूक्ष्मदर्शकावर पेशी बघितल्या. मग वर लिहिलं, पुन्हा लिहिलं, त्याची बदली झाली, तिथूनही लिहिलं. नियम दोन वर्षांनी बदलला. दिल्लीच्या कुठल्याशा समितीनं बदलला, आणि त्यात ना नवरेचं नाव होतं ना ताईंचं.

मान्यांनी चांदणी घेतली. ठरल्या आकड्याला, एक बोट कमी न करता.

नरपत संघटनेची त्यानंतरची निवडणूक हरला. विरोधकांनी प्रचारात त्याचाच जुना फ्लेक्स वापरला. तो आता घरीच असतो आणि कुणी सल्ला विचारायला आलं तर म्हणतो, ताईला फोन लावा. ताई म्हणतात, इतकं शहाणं व्हायला याला एवढी मोठी यात्रा लागली.

हेमलताताई दर दत्तजयंतीला जातात. गुडघे साथ देत नाहीत, तरी जातात. नव्या नियमाप्रमाणे प्रत्येक यात्रेत एक हिरवी घोडी मुद्दाम पुन्हा धुतात, धुण्यानंच किती लाली येते ते कळावं म्हणून. कागदोपत्री तिला काहीतरी लांबलचक नाव आहे. यात्रेत तिला ‘वसूवहिनीची घोडी’ म्हणतात. वसुधाला ते आवडत नाही. ती म्हणते, नाव द्यायचं तर शबनमचं द्या.

युसूफनं पुन्हा घोडी पाळली नाही. नरपतनं एक शिंगरू त्याच्या दारात नेऊन बांधलं, ते त्यानं चारा-पाणी करून दुसऱ्या दिवशी परत पाठवलं. तो आता बापाच्या धंद्याला लागलाय, कापूस पिंजतो, गाद्या भरतो. दोघे बोलतात, पण घोड्यांचं सोडून. दुकानात खिळ्याला घुंगरांचा पट्टा टांगलेला आहे, तेल लावलेला. विकत मागायला पुष्कळ येऊन गेले. ताईंनीही एकदा विचारलं, घुंगरू ठेवलेस कशाला म्हणून.

“असू देत,” युसूफ म्हणाला. “चारा थोडाच मागतात.”